खाली आणायचा शब्द

दुरून डोंगर साजरे, ही म्हण ज्याने कुणी केली त्याला डोंगराच्या जिवावर पोट भरावं लागलं नसणार. सोमनाथ भांगरेने सोळा वर्षं भरलं. रतनगडाच्या पायथ्याशी जन्मलेला हा माणूस आधी शहरातल्या हौशी मंडळींना गड दाखवत फिरायचा, मग उत्तरकाशीला जाऊन रीतसर शिकला, आणि पुढे गढवालच्या बर्फात लोकांना दोराला बांधून वर नेणं आणि तसंच बांधून खाली आणणं हा त्याचा धंदा झाला. वर नेणारे पुष्कळ असतात. सोमनाथचं नाव होतं ते खाली आणण्याबद्दल. नाव गेलं तेही त्याच गोष्टीवरून.

शारजातले इंजिनियर विष्णू कर्णिक दरवर्षी रजा साठवून हिमालयात यायचे, आणि सोमनाथशिवाय दुसऱ्या कुणाच्या दोराला स्वतःला बांधून घ्यायचे नाहीत. शहाण्णव साली एका सात हजारी शिखराच्या तोंडाशी त्यांचं डोकं दुखायला लागलं, पावलं वेडीवाकडी पडायला लागली. सोमनाथ म्हणाला, "साहेब, आता उतरायचं." विष्णू म्हणाले, "सोमा, अरे समोर दिसतंय. एवढ्यावरून मागे फिरवतोस मला?" त्यांचा चेहरा सणाच्या दिवशी ताटावरून उठवलेल्या पोरासारखा झाला होता. सोमनाथने ऐकलं. शिखर झालं. उतरताना विष्णू बर्फात बसले ते पुन्हा उठलेच नाहीत. सोमनाथ रात्रभर त्यांच्यापाशी बसून राहिला, उजाडल्यावर एकटा खाली आला, आणि डाव्या पायाची अंगठ्यासकट तीन बोटं इस्पितळात ठेवून घरी गेला.

त्यानंतर त्याच्या दोराला कुणी बांधून घेईना. तोंडावर कुणी काही बोललं नाही. आपल्याकडे तोंडावर बोलायची पद्धतच नाही. फक्त मोहिमा ठरायच्या, माणसं निघून जायची आणि याला ते परत आल्यावर कळायचं.

मग सोमनाथ दुबईला गेला. तिथे काचेच्या इमारती भराभर वर जात होत्या आणि त्या काचा दोरावर लटकून पुसायला माणसं हवी होती. अल क्वोजमधल्या एका कंपनीने त्याला घेतलं. पायाला बोटं किती आहेत हे त्यांनी विचारलं नाही, उंचीचं भय वाटतं का एवढंच विचारलं. राहायला कंपनीच्याच कॅम्पात एक खोली, खोलीत सहा जण, त्याच्या खालच्या बाकड्यावर संगमेश्वरचा भिवा. सोमनाथच्या ट्रंकेत एक दोर होता, गावाहून आणलेला. कामावर कंपनीचे दोर वापरायचे, त्यामुळे हा नुसताच पडून असायचा. भिवा विचारायचा, "ह्यो कशाला ठेवलायस? कपडे वाळत घालाया तरी दे की." सोमनाथ द्यायचा नाही.

हिवाळ्यातल्या शुक्रवारी तो रस-अल-खैमाकडे जायचा. तिथे समुद्रापाठीमागे उघडेबोडके, गवताची काडी नसलेले डोंगर उभे आहेत. डोंगरातल्या लोकांनी पूर्वी दगड रचून केलेल्या पायवाटा आहेत, आणि पार वर, जिथे माणूस असेल असं वाटत नाही तिथे, दगडी घरं आणि पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या आहेत. बर्फ नव्हतं, पण चढ होता, आणि सोमनाथला तेवढं पुरायचं. उन्हाळ्यात मात्र तो शुक्रवार झोपून काढायचा. आठवडाभर तापलेल्या काचेला चिकटून लटकल्यावर सुट्टीच्या दिवशी पुन्हा उन्हात कोण जाणार? सगळं प्रकरण घडलं ते या एका गोष्टीमुळे. तो डोंगर त्याला फक्त हिवाळ्यातला ठाऊक होता.

शारजातल्या रोल्ला भागात विष्णूंची बायको राहते, हे त्याला माहीत होतं. त्या बाजूला तो कधी फिरकला नाही. रोल्लाला स्वस्त भाजी मिळते म्हणून भिवा बोलवायचा, तर हा काहीतरी कारण काढायचा.

आणि दोन हजार एकच्या एप्रिलात कॅम्पाच्या फाटकाशी एक छोटी पांढरी गाडी येऊन थांबली. आतून विष्णूच उतरले, असं क्षणभर सोमनाथला वाटलं. तेच रुंद कपाळ, तीच मान पुढे काढून चालायची ढब. फक्त अंगाने निम्मा.

"आर यू सोमनाथ अंकल? मी वेदांग. वेदांग कर्णिक."

सोमनाथने मान हलवली. त्याच्या हातात साबणाची बादली होती ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"नेक्स्ट मंथ मी कॅनडाला चाललोय, फॉर माय मास्टर्स. त्याआधी मला तुमच्याबरोबर एक माउंटन करायचाय. एनी माउंटन. बट ऑन युअर रोप." पोराने हे वाक्य बहुतेक गाडीत पाठ केलं असावं. "मम्मीला माहितेय. ती म्हणाली, आधी घरी घेऊन ये."

कमरुद्दीन नावाचा फोरमन "यल्ला, यल्ला" करत बसकडे बोलावत होता. सोमनाथ हो म्हणाला. पाच वर्षांत त्याला कुणी दोराला बांध म्हणालं नव्हतं.

अर्चना कर्णिक एका शाळेत शिकवायची. तिच्या घरात विष्णूंचा फोटो होता, पण डोंगरातला नव्हता, ऑफिसच्या कोटातला होता. तिने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली. पोराला तिने खाली दूध आणायला पिटाळलं.

"एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. "पाच वर्षं विचारायचं होतं. बाकीचे म्हणतात हवामान, नशीब, ऑक्सिजन. ते सगळं मी ऐकलंय. तुम्ही धडधाकट होतात. एक माणूस पाठीवर घेता आला नाही तुम्हाला?"

सोमनाथने कपाकडे बघितलं. या प्रश्नाला उत्तर होतं. त्याने ते अनेकदा मनात बोलूनही पाहिलं होतं. पण त्या फोटोखाली बसून ते त्याच्या तोंडातून निघेना. "नाही आला, वहिनी," एवढंच तो म्हणाला.

तिने त्याचा कप जरा पुढे सरकवला. मग म्हणाली, "मी नाही म्हटलं तर हा एकटा जाईल. बापावर गेलाय. आणि खरं सांगू? तुम्ही एकदा चुकलात म्हणूनच तुमच्याबरोबर पाठवतेय. कधीच न चुकलेल्या माणसाबरोबर मी पाठवला नसता. पण मला शब्द द्या. त्याचं डोकं दुखलं, मळमळलं, पाय अडखळला, काहीही झालं, तरी त्या क्षणी मागे फिरायचं. तो हाता-पाया पडला तरी. खाली आणायचं."

"शब्द दिला, वहिनी." आणि हे त्याला कुणी सांगायलाही नको होतं. कानाला खडा तर त्याने त्या बर्फातच लावला होता.

पुढच्याच शुक्रवारी अंधार सरायच्या आतच ते वाटेला लागले. गाडी दरीच्या तोंडाशी ठेवली. तिथून कोरड्या ओढ्याच्या गोट्यांमधून बरंच आत चालायचं आणि मग सरळ अंगावर येणारा कडा. सोमनाथने ट्रंकेतला दोर पोराच्या कमरेला बांधला, गाठ स्वतःच्या हाताने ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली. वाट काही दोर लागावा अशी नव्हती. पण पोराला दोर हवा होता, आणि खरं तर सोमनाथलाही.

सकाळ फार छान गेली. वेदांग चांगला चालत होता. मध्ये दम खाताना तो बापाबद्दल विचारायचा. पपा वर गेल्यावर काय बोलायचे? गाणी म्हणायचे का? सोमनाथने सांगितलं की साहेबांचा आवाज भसाडा होता आणि ते वर जाऊन हटकून गायचे. पोरगा खूप हसला. "मम्मी हे कधीच सांगत नाही," तो म्हणाला.

ऊन चढलं तसा खडक तापायला लागला. हात टेकावा तर चटका बसायचा. सोमनाथला ते जाणवलं, नाही असं नाही, पण त्याने ऊन म्हणजे कामावरची रोजची कटकट असंच धरलं होतं. तिथे तहान लागली की दोर सैल सोडून खाली जाता येत होतं. ते कड्याच्या निम्म्याहून बरेच वर आले असतील, तेव्हा मागून आवाज आला.

"आय ॲम फाइन, अंकल."

सोमनाथ जागच्या जागी थांबला. त्याने काही विचारलंच नव्हतं. न विचारता मी ठीक आहे म्हणणारा माणूस ठीक नसतो, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. त्याने वळून पाहिलं. पोराचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळे भलतीकडेच होते. "डोकं?" त्याने विचारलं. वेदांगने हो केलं, मग एका बाजूला वाकून ओकला. उठताना त्याचा पाय लटपटला.

डोकं, ओकारी, पाय. अर्चनाने मोजून सांगितलेली सगळी लक्षणं. आणि समोर तेच रुंद कपाळ.

"चल. उतरायचं."

"बट टॉप इज सो क्लोज—"

"एक शब्द बोलू नकोस."

पोराला पुढे घालून, दोर आखडता धरून तो उतरायला लागला. बर्फातला अनुभव असा, की अशा आजाऱ्याला थोडं जरी खाली आणलं तरी फरक पडतो. शंभर पावलांवर डोळ्यांत ओळख येते, आणखी खाली आला की माणूस पाणी मागतो. खाली जाणं हेच तिथलं औषध. सोमनाथ प्रत्येक वळणावर पोराचा चेहरा बघत होता आणि वाट पाहत होता. चेहरा सुधारत नव्हता. बाटलीतलं पाणी पाजलं ते पोराने ओकून टाकलं. तो इंग्रजीत काहीतरी बडबडायला लागला, कुठली तरी परीक्षा, कुठली तरी बस चुकल्याचं. सोमनाथने त्याच्या मानेला हात लावला. मान कोरडी होती आणि तव्यासारखी तापली होती. मघापर्यंत पोरगा घामाने निथळत होता.

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं म्हणतात. पण फुंकून पिणाऱ्याला वाटीत काय आहे हे बघायची सवय राहत नाही. सोमनाथला आजार दिसला आणि त्याने फुंकर घातली. वाटीत काय आहे ते त्याने पाहिलंच नाही.

खालून वारा आला. तो गार असेल म्हणून सोमनाथने तोंड पुढे केलं, आणि भट्टीचं दार उघडावं तसा तो तोंडावर आदळला. तेवढ्यात त्याला घंटा ऐकू आल्या. पलीकडच्या धारेवरून बकऱ्यांची एक रांग चालली होती, आणि ती चालली होती वर. ओढा सोडून, एवढ्या उन्हात, एकामागून एक, वरच्या कड्याच्या सावलीकडे.

डोंगरात जनावर चालतं तिकडे बघून पाऊल टाकायचं, हे त्याला कुठल्या संस्थेने नव्हतं शिकवलं, आजोबांनी शिकवलं होतं. बकरी काही मूर्ख नसते. खाली गारवा असता तर ती वर कशाला कडमडली असती? सोमनाथने खाली पाहिलं. उरलेला कडा सबंध उन्हात होता. त्याखाली तापलेल्या गोट्यांचा तो लांबच लांब ओढा, दोन्ही बाजूंनी भिंती, सावलीचं नाव नाही, आणि त्याच्या शेवटी गाडी. मग त्याने वर पाहिलं. सोडून आलेली वाट, तिच्या माथ्याशी दगडी घर, घरापाशी टाकी. हा डोंगर उलटा होता. इथे मरण खाली होतं.

त्याला हे कळलं आणि तरीही त्याचे पाय हलेनात. वर न्यायचा? याला? आजारी पडलेल्या कर्णिकाला पुन्हा वर? शब्द देऊन आठवडाही झाला नव्हता. समजा वर नेलं आणि पोरगा गेला, तर अर्चनापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? आणि खाली आणताना गेला, तर निदान शब्द पाळला असं म्हणता येईल. हा विचार त्याच्या मनात आला. खरोखर आला. आणि आपल्या मनात असा विचार येऊ शकतो याची त्याला इतकी किळस आली, की त्याने पोराच्या कमरेची गाठ सोडली आणि दोराचं वेटोळं करायला घेतलं.

वेटोळ्याचे दोन भाग करायचे, एकेकात एकेक पाय घालायचा आणि मधला पीळ दप्तरासारखा आपल्या खांद्यांवर घ्यायचा. जखमी माणूस आणायची ही त्यांची जुनी रीत. वेदांगला काय चाललंय ते अर्धवट कळलं असावं.

"नो. नो. मम्मी सेड डाउन. यू प्रॉमिस्ड." तो रडायला लागला. "यू डिड धिस टू हिम."

"होय बाबा," सोमनाथ म्हणाला आणि त्याला घेऊन उठला.

चढताना माणूस अंगठ्यावर रेटा देतो, आणि डाव्या पायाचा अंगठा सोमनाथला नव्हता. तो टाच रोवत, उजव्याने ओढत चढला. दोर दोन्ही खांद्यांत रुतत गेला. मध्ये दोनदा गुडघ्यावर आला. वाटेत पोरगा बोलायचा थांबला, तेव्हा सोमनाथने त्याला गायला सांगितलं. तो गाईना, म्हणून मग सोमनाथच बेसूर गात राहिला, साहेब गायचे तसलंच काहीतरी, श्वास पुरेल तेवढं. आणि श्वास पुरत होता. छाती फुटेल असं वाटत होतं, पण प्रत्येक वेळी हवा आत येत होती. हे त्याच्या लक्षात आलं आणि चालता चालताच त्याचे डोळे भरून आले.

वरच्या घरापाशी बदरुद्दीन नावाचा एक बांगलादेशातला, सिल्हेटकडचा मेंढपाळ होता, कुणा अरबाच्या बकऱ्या राखणारा. त्याने काही न विचारता टाकीचं झाकण ओढलं. दोघांनी पोराला सावलीत आडवा केला, कपडे काढले, त्याच्यावर पाणी ओतलं, भिजवलेल्या गोणपाटाने वारा घातला, पुन्हा ओतलं. टाकीचं पाणी हिरवट होतं आणि गार होतं. कड्याच्या माथ्यावर वारा वाहत होता. किती तरी वेळाने वेदांगने डोळे उघडले आणि नीट मराठीत म्हणाला, "पाणी द्या ना, काका." सोमनाथ तिथेच भिंतीला टेकून बसला. बदरुद्दीन म्हणाला, "बस भाई, अब बच गया." सोमनाथला मान हलवायचंही त्राण नव्हतं.

ऊन पार कललं, दरी सावलीने भरली, तेव्हा ते उतरले. वेदांग स्वतःच्या पायांनी उतरला, दोराला बांधलेला. सोमनाथने त्याला तिथूनच रस-अल-खैमाच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी सलाइन लावली, एक रात्र ठेवू म्हणाले. मग त्याने रोल्लाला फोन केला. "वहिनी, वेदांग इस्पितळात आहे, आता ठीक आहे," एवढं ऐकून तिने फोन ठेवला.

ती टॅक्सीने आली. आधी पोराकडे गेली. सोमनाथ बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. आतून तिचा आवाज येत होता, मग वेदांगचा, बराच वेळ वेदांगचाच. मग ती बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"वर नेलात त्याला."

"हो."

"मी खाली आणायचा शब्द घेतला होता."

"आधी खालीच आणत होतो, वहिनी. शब्द आठवत होता म्हणून जास्तच वेळ आणत राहिलो. खाली भट्टी होती. तसाच आणला असता तर तो गेला असता." त्याने मान वर केली नाही. "माझं चुकलं ते शब्द मोडला यात नाही. चुकलं ते या दिवसांत त्याला नेलं यात."

तिचं लक्ष त्याच्या शर्टाकडे गेलं. दोन्ही खांद्यांवर कापड फाटलं होतं, आणि खाली दोराचे वळ उठून त्यातून रक्त आलं होतं, ते वाळून काळं पडलं होतं.

"पाठीवर नेलात?"

"हो."

"याला घेता आलं." ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. तिचा आवाज फार शांत होता, आणि तो शांतपणाच सोमनाथला सोसेना.

"इथे हवा आहे, वहिनी," तो म्हणाला. "तिथे आपल्या एका पावलाला श्वास पुरत नव्हता. उचललं होतं मी साहेबांना. असंच, दोरात घालून. उठलो आणि दोघंही पडलो. परत उचललं, परत पडलो. मग ओढत आणलं थोडं, तर तेच म्हणाले, सोमा, दुखतंय, राहू दे."

"हे मला का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला. घरी बोलावून विचारलं होतं."

सोमनाथने आता तिच्याकडे पाहिलं. "कसं सांगू? गेलेला माणूस मला जड झाला, असं त्याच्या बायकोला तोंडावर कोण सांगतं?"

व्हरांड्यातून एक नर्स गाडा ढकलत गेली. अर्चना त्याच्या शेजारी बाकावर बसली. मध्ये तिने आपली पर्स ठेवली, मग ती उचलून मांडीवर घेतली.

"जड होताच तो," ती म्हणाली. "कमी जेव म्हणून मागे लागायचे मी. म्हणायचा, वर गेलो की आपोआप उतरतं." तिला हसू आलं, आणि मग ते हसू तिला आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही. तिने तोंडावर पदर घेतला आणि पाच वर्षांनी, एका परक्या इस्पितळाच्या बाकावर, ज्याच्यासमोर कधी रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं त्याच माणसाशेजारी बसून ती रडली. सोमनाथला काय करावं कळेना. तो नुसता बसून राहिला. बसून राहणं त्याला येत होतं.

शेवटी तिने डोळे पुसले. नर्स परत येत होती तिला तिने थांबवलं आणि कापूस, पाणी आणि मलम मागून घेतलं.

"शर्ट उतरवा," ती सोमनाथला म्हणाली. "चिकटलाय तो. हळूच काढा."

"असू द्या, वहिनी. कॅम्पात भिवा लावेल काहीतरी."

"उतरवा म्हटलं ना," अर्चना म्हणाली, आणि कापूस पाण्यात बुडवला.